डब्याच्या आत काय आहे, हे ग्राहकाने कसे ओळखावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ताकदीच्या गोळ्या, प्रोटीनचे डबे, केसांसाठीच्या कॅप्सूल आणि सांधेदुखीवरची चूर्णे यांच्या सुरक्षिततेविषयी अलीकडे जी चर्चा चालते, तिच्यात दोन पक्ष जणू ठरून गेले आहेत. एक पक्ष म्हणतो की कायदा कडक करा, धाडी घाला, परवाने रद्द करा. दुसरा म्हणतो की सरकार कुठे कुठे पुरे पडणार, त्यापेक्षा ग्राहकाला लेबल वाचायला शिकवा. आयुष्याचा मोठा भाग नागपुरात औषधांच्या काउंटरमागे काढल्यानंतर मला हा वादच चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. या वस्तूंपासून होणारा अपाय दोन वेगळ्या प्रकारचा असतो. लेबलवर जे लिहिले आहे तेच आत आहे, पण ते नको त्या माणसाने किंवा नको तितके घेतले, हा एक प्रकार. लेबलवर लिहिलेले आत नाही, किंवा आत असलेले लेबलवर नाही, हा दुसरा. पहिल्या प्रकारात शिक्षणाचा उपयोग होतो, नव्हे, शिक्षणाशिवाय दुसरा उपायच नाही. दुसऱ्या प्रकारात ग्राहक डॉक्टर असला तरी फसतो, कारण त्याच्या घरी प्रयोगशाळा नसते. आपल्याकडे मात्र या दुसऱ्या प्रकाराचे ओझेही ‘जागरूक ग्राहक’ असे गोंडस नाव देऊन ग्राहकाच्याच डोक्यावर ठेवले जाते, आणि माझी तक्रार नेमकी त्याबद्दल आहे.

न दिसणारी भेसळ किती सर्रास असू शकते, याचा अंदाज अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नोंदींवरून येतो. २००७ ते २०१६ या दहा वर्षांत त्या यंत्रणेला ७७६ पूरक उत्पादनांमध्ये लेबलवर न छापलेली औषधी द्रव्ये सापडली. त्यांतील बहुतेक उत्पादने लैंगिक शक्ती वाढवणारी, वजन घटवणारी किंवा स्नायू भरवणारी म्हणून विकली जात होती. वजन घटवण्याच्या उत्पादनांत वारंवार सापडलेले सिब्युट्रामिन हे द्रव्य हृदयविकाराच्या धोक्यामुळे तिथे २०१० साली बाजारातून काढून घेतले गेले होते आणि आपल्याकडेही २०११ पासून त्यावर बंदी आहे. आपल्या देशातील चित्र वेगळे असेल, असे मानण्यास आधार नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी झाली आणि सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रथिनांचे प्रमाण चुकीचे छापलेले आढळले. काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विषही होते. ‘वनस्पतीजन्य, कोणताही दुष्परिणाम नाही’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणे तर आपल्याकडच्या डॉक्टरांना नवीन नाहीत. पुडी घेताच तीन दिवसांत गुडघा मोकळा होतो, माणूस शेजाऱ्यालाही ती सुचवतो, आणि काही महिन्यांनी सुजलेला चेहरा, वाढलेली साखर आणि ठिसूळ झालेली हाडे घेऊन मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत येतो. अशा माणसाला कोणते शिक्षण द्यायला हवे होते? त्याने तर वस्तू वापरून, गुण पाहून, मगच विश्वास ठेवला होता.

गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधला प्रसंग नागपूरकरांना वेगळा सांगायला नको. छिंदवाडा जिल्ह्यातील लहान मुले खोकल्याचे औषध घेतल्यानंतर मूत्रपिंडे निकामी होऊन आपल्या शहरातील रुग्णालयांत आणली गेली आणि त्यांतील अनेक दगावली. तामिळनाडूतील तपासणीत त्या औषधाच्या एका बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन आढळले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का आहे. ते औषध होते, पूरक आहार नव्हे, याची मला पूर्ण जाणीव आहे, तरीही मी हे उदाहरण घेतो. औषधासाठी परवाना, प्रमाणित मानके, औषध निरीक्षक आणि डॉक्टरची चिठ्ठी असे चार अडसर असतात. ते चारही असताना विष मुलांच्या पोटात गेले. पूरक आहाराच्या वाटेवर यांतले किती अडसर आहेत, हे एकदा मोजून पाहावे.

इथे सर्वसाधारण वाचकाला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. दुकानात समोर ठेवलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या दोन स्ट्रिप दिसायला सारख्या असतात, नावेही कानाला सारखीच वाटतात, परंतु एक १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली बनलेली असते आणि दुसरी २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली. दुसरीच्या मागच्या बाजूला अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असतो. कायद्याच्या दृष्टीने ती पापड-लोणच्याच्या पंक्तीत बसते. ती विकण्यासाठी फार्मासिस्ट लागत नाही, व्यायामशाळेचा चालक, किराणा दुकानदार किंवा मोबाइलवरचे दुकान कुणीही विकू शकते, आणि औषधांच्या किमतींवर जे नियंत्रण असते ते तिला लागू नसते. त्यामुळे तिच्यावरचा नफा मोठा असतो, एमआर, म्हणजे कंपनीचा विक्री प्रतिनिधी, अशा मालावर स्कीम घेऊन येतो, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर तीच लिहिली जाते. रुग्णाला वाटते की डॉक्टरांनी औषध दिले. स्वस्त आणि प्रमाणित बी-कॉम्प्लेक्स मागे पडून चमकदार खोक्यातली महाग कॅप्सूल पुढे का आली, याचे उत्तर ग्राहकाच्या अज्ञानात कमी आणि या दुहेरी परवान्याच्या गणितात जास्त आहे. आमच्या व्यवसायातील अनेकांना हे वाक्य आवडणार नाही, पण ते खोटे आहे असेही कुणी म्हणणार नाही.

नियमच नाहीत असे मात्र नव्हे. आरोग्यपूरके आणि न्यूट्रास्युटिकल्स यांच्यासाठी २०१६ साली स्वतंत्र नियम अधिसूचित झाले, १ जानेवारी २०१८ पासून ते लागू झाले आणि २०२२ मध्ये त्यांची सुधारित आवृत्तीही आली. लेबलवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे, रोजच्या शिफारशीपेक्षा जास्त घेऊ नये अशी सूचना देणे बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न कायद्याच्या कलम ५३ खाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध चेहऱ्यांवरही बंधन घालण्याची सोय आहे. कागदावर पाहिले तर आपण अमेरिकेपेक्षा कडक आहोत. अडचण अशी की अन्न कायद्याने लेबलची सक्तीची भाषा इंग्रजी किंवा देवनागरीतील हिंदी ठेवली आहे. मराठी छापणे हे उत्पादकाच्या इच्छेवर आहे, आणि ती इच्छा मला क्वचितच दिसली. ‘लेबल वाचायला शिका’ असा उपदेश आपण कळमेश्वर किंवा उमरेडहून नागपुरात बर्डीच्या बाजारात खरेदीला आलेल्या माणसाला करतो, आणि त्याच्या हातात तांदळाच्या दाण्याहून लहान अक्षरांतला इंग्रजी मजकूर ठेवतो. ग्राहक शिक्षणाचे जे कैवारी आहेत त्यांनी सर्वांत आधी मराठी लेबलची मागणी करायला हवी होती. ती त्यांनी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता पहिल्या प्रकाराकडे, म्हणजे माल खरा आणि वापर चुकीचा, याकडे येतो. आणि विदर्भात राहणाऱ्याने या बाबतीत सिकलसेलपासूनच सुरुवात केली पाहिजे. आपल्या भागात हा आनुवंशिक आजार किती कुटुंबांत आहे हे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीतील आरोग्य कर्मचारी सांगतील. या रुग्णांचे हिमोग्लोबिन कमी असते, परंतु ते सहसा लोहाच्या अभावामुळे नव्हे, तर तांबड्या पेशी वेळेआधीच तुटतात म्हणून कमी असते. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णाच्या शरीरात प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते, तर निरोगी माणूस अन्नातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषून घेतो. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने शरीरात केलेली नाही. ते यकृतात आणि हृदयात साचत राहते. अशा मुलाची आई दुकानात येते, ‘पोराले रक्तच नाही जी, चांगलं टॉनिक द्या’ म्हणते, आणि तिच्या हातात लोहयुक्त ‘रक्तवर्धक’ सिरप पडते. सिरप शुद्ध आहे, परवाना खरा आहे, प्रमाण लेबलप्रमाणे आहे, सगळे कायदेशीर आहे. इथे निरीक्षक काही करू शकत नाही. इथे विकणाऱ्याने एक प्रश्न विचारायला हवा होता, ‘सिकलसेल तपासणी झाली आहे का?’, आणि आईला तो प्रश्न अपेक्षित असायला हवा होता. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी झालेल्यांना कार्डे दिली जातात. डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय लोहाचे टॉनिक घेऊ नये, हे त्या कार्डाबरोबर मराठीत आणि गोंडीत सांगितले गेले, तर माझ्या मते ते दहा जाहिरात फलकांपेक्षा मोलाचे ठरेल. मात्र एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो: सिकलसेलच्या रुग्णालाही कधी कधी लोहाची खरी कमतरता असू शकते, ती रक्त तपासूनच कळते, आणि गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणारी ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी या पत्रामुळे कुणी बंद करू नये. तिच्याअभावी होणारे नुकसान फार मोठे आहे.

जीवनसत्त्व ‘ड’ची गोष्टही याच जातीची. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा आणि तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेची रोजची शिफारस ६०० युनिटची आहे, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा साठा असतो. ती रोज दुधातून घेणारी माणसे मी पाहिली आहेत. रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, भ्रम आणि पुढे मूत्रपिंडाला इजा असा तो प्रवास असतो. केसांसाठीच्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्तचाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, असा इशारा अमेरिकी प्रशासनाने २०१७ साली दिला होता. आपल्याकडे रक्त काढणारा ‘उपाशी आहात का?’ एवढेच विचारतो. प्रोटीनबद्दल फार लिहीत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रोटीन पावडरी टाळण्याचा सल्ला दिला आहे, आणि किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम या शिफारशीने साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम प्रथिने पुरतात. ती तूरडाळ, चणे, दूध आणि अंड्यांतून मिळवणे अशक्य नाही. फक्त त्याला डब्याचा रुबाब नाही.

केवळ ग्राहकाच्या विवेकावर सोडून दिल्यास काय होते, याचा मोठा प्रयोग अमेरिकेने करून पाहिला आहे. तिथल्या १९९४ च्या कायद्याने पूरक आहार विकण्यापूर्वी तो सुरक्षित असल्याची मंजुरी घेण्याची अट ठेवली नाही. माल असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर टाकला. परिणाम एफेड्राच्या प्रकरणात दिसला. वजन घटवण्यासाठी आणि दम वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या या वनस्पतीवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव १९९७ साली आला, २००३ मध्ये स्टीव्ह बेचलर हा २३ वर्षांचा बेसबॉलपटू सरावादरम्यान उष्माघाताने गेला आणि तपासात एफेड्राचा संबंध पुढे आला, आणि बंदी २००४ मध्ये लागू झाली. दरम्यानच्या वर्षांत पत्रके, इशारे, लेबले सर्व काही होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार त्या देशात दरवर्षी सुमारे २३,००० वेळा लोकांना पूरक आहाराच्या दुष्परिणामांमुळे आपत्कालीन विभाग गाठावा लागतो. शिकलेला, इंग्रजी वाचणारा, इंटरनेट हाताशी असलेला ग्राहकवर्ग जिथे आहे, तिथला हा आकडा आहे. तो आकडा तिथे निदान मोजला तरी गेला. आपल्याकडे यकृताची सूज घेऊन आलेल्या रुग्णाला ‘दारू घेता का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो, ‘आणखी कोणती चूर्णे, काढे, पावडरी घेता?’ हा क्वचित. कोविडच्या काळात मुंबईच्या काही डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने ती वनस्पती ओळखण्यातली गफलत असू शकते असा आक्षेप घेतला. खरी गुळवेल आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल यांत गफलत होऊ शकते हे मान्य. पण मग बाजारातल्या बाटलीत कोणती वेल आहे, हे ग्राहकाने कसे ओळखायचे होते, याचे उत्तर त्या आक्षेपात नव्हते.

तरीही ‘सगळे औषध कायद्याखाली आणा’ ही मागणी मला पटत नाही. पूरक आहाराचा काही भाग औषध नियंत्रकांकडे सोपवावा का, याचा विचार केंद्र पातळीवर २०२४ पासून सुरू असल्याचे वाचनात आले आहे. तसे सरसकट केल्यास नाचणीचे सत्त्व, शेवग्याच्या पानांची भुकटी किंवा अळिवाचे लाडू करणारा बचत गट कागदपत्रांतच गुदमरेल, आणि ज्यांच्याकडे वकील आहेत त्या कंपन्या निवांत राहतील. रेषा आखायची तर ती रूपावर आणि मात्रेवर आखावी. जे ताटात वाढता येते ते अन्न राहू द्यावे. जे गोळी, कॅप्सूल किंवा मोजून घ्यायच्या अर्काच्या रूपात येते आणि विशिष्ट तक्रारीसाठी विकले जाते, त्याच्या प्रत्येक बॅचची चाचणी, विक्रीसाठी फार्मासिस्ट आणि दुष्परिणामांची नोंद या तीन अटी औषधासारख्याच असाव्यात, मग परवाना कोणत्याही खात्याचा असो. व्यायामशाळेतून होणारी विक्री या अटीने बंद झाली तर होऊ द्यावी.

अन्न कायद्यातील कलम ४० फारच थोड्या लोकांना ठाऊक आहे. त्यानुसार सामान्य खरेदीदारही, खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तशी कल्पना देऊन, विकत घेतलेली वस्तू शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. माल नियमबाह्य निघाल्यास शुल्क परत मिळते आणि अहवाल पुढील कारवाईसाठी अधिकाऱ्याकडे जातो. काउंटरमागच्या सगळ्या वर्षांत हे कलम वापरणारा एकही ग्राहक माझ्या पाहण्यात आला नाही, आणि त्याबद्दल मी ग्राहकाला दोष देणार नाही. नागपुरात नमुना कुठे द्यायचा, शुल्क किती, प्रोटीन किंवा स्टेरॉइडची चाचणी इथे होते की नमुना बाहेर पाठवावा लागतो, हे सांगणारा मराठी फलक मी एकाही दुकानात किंवा बाजारात पाहिलेला नाही. असा फलक लावणे हेही ग्राहक शिक्षणच आहे, आणि ते पोकळ नाही, कारण त्यातून ग्राहकाच्या हाती काही तरी येते.

त्याहून सोपी एक गोष्ट अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर विभागाने करावी, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे. अन्न सुरक्षा अधिकारी जे नमुने घेतात, त्यांचा अहवाल विश्लेषकाने १४ दिवसांत द्यावा असे कायदा सांगतो. हे अहवाल पुढे दंडाच्या आणि अपिलाच्या फायलींत जातात, आणि ज्या बॅचबद्दल ते असतात ती बॅच तोवर विकली जाऊन, खाऊन संपलेली असते. पूरक आहाराच्या तपासलेल्या प्रत्येक नमुन्याचे उत्पादन, बॅच क्रमांक, छापलेले प्रमाण आणि सापडलेले प्रमाण एवढ्या चार रकान्यांचा तक्ता दर महिन्याला मराठीत प्रसिद्ध व्हावा. उत्पादकाने अपील केले असेल तर तसे शेजारी नमूद करावे, म्हणजे त्याच्यावरही अन्याय होणार नाही. इतवारीपासून हिंगण्यापर्यंतचे केमिस्ट तो तक्ता पाहूनच पुढची ऑर्डर देतील, कारण परत आलेला माल आणि भांडायला आलेले गिऱ्हाईक दोन्ही कुणालाच नको असतात. आपल्या वृत्तपत्राने या तक्त्यासाठी महिन्यातून एक चौकट राखून ठेवली, तर प्रशासनालाही तो वेळेवर देणे भाग पडेल.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता,
महाल, नागपूर